मॅश टनसाठी घरच्या घरी मॅनिफोल्ड: आधी मापं, मग करवत

घरी बियर करताना भिजवलेल्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतून) वॉर्ट, म्हणजे गोड पाणी, काढून घ्यायला भांड्याच्या तळाशी खाचा पाडलेल्या पाइपांचा जो सांगाडा बसवतात, तो मॅनिफोल्ड. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वॉर्ट गाळतात ती माल्टची टरफलं, मॅनिफोल्ड नाही. मॅनिफोल्डचं काम एवढंच की टरफलांचा थर जागेवर धरून ठेवायचा आणि खालून वॉर्ट सगळ्या तळभर सारखं ओढून घ्यायचं. हे एकदा समजलं की खाचा किती बारीक हव्यात, तांबं बरं की स्टील बरं असल्या वादात रात्री घालवायची गरज राहत नाही, कारण खरा प्रश्न पाइप तळाशी नेमका कुठे कुठे बसतोय हा असतो आणि बहुतेक जण तोच प्रश्न शेवटाला ठेवतात.

अगदीच नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. भरडलेला माल्ट 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर पाण्यात ठेवायचा, त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, मग ते गोड पाणी म्हणजे वॉर्ट खालच्या तोटीने काढून घ्यायचं आणि मागे उरलेल्या साखरेसाठी वरून गरम पाणी देऊन चोथा धुवायचा. माल्ट-पाण्याचं हे मिश्रण म्हणजे मॅश आणि ज्या भांड्यात हे चालतं तो मॅश टन. घरगुती कामाला जाड भिंतीचा आइस बॉक्स, ज्याला आपण कूलर म्हणतो, तो उत्तम पडतो, तापमान तासभर धरून ठेवतो आणि तळाला बहुधा आधीच एक तोटी असते. (तुम्ही राहता तिथे घरी बियर करायला कायद्याने परवानगी आहे का, ते मात्र आधी बघून घ्या.)

धुणार कसे ते आधी ठरवा

पद्धती दोन. बॅच स्पार्ज म्हणजे सगळं वॉर्ट काढून टाकायचं, मग धुवायचं पाणी एकदम ओतायचं, ढवळायचं, थोडं बसू द्यायचं आणि परत सगळं काढायचं. फ्लाय स्पार्ज म्हणजे वरून हळूहळू पाणी देत राहायचं आणि तितक्याच वेगाने खालून वॉर्ट सोडत राहायचं, तासभर.

बॅचमध्ये पाणी ढवळलेलं असल्यामुळे साखर सगळीकडे सारखीच असते, मग ते कुठल्या कोपऱ्यातून बाहेर गेलं याला फार महत्त्व नाही. तुम्ही कायम बॅचच करणार असाल तर खरं सांगू का, स्टेनलेस स्टीलच्या जाळीचं एक नळकांडं तोटीला आतून लावा आणि मोकळे व्हा, पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही. पण फ्लाय करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पाणी चोथ्यातून एकदाच वरून खाली जातं आणि जिथून जाईल तिथलीच साखर धुऊन नेतं. त्याने एकदा सोपी वाट धरली की टनच्या मधल्या भागातली साखर तिथेच राहते आणि धुतलेला भाग आणखी धुतला जाऊन त्यातून टॅनिन उतरायला लागतं, म्हणजे साखरही कमी आणि वर तोंडाला तुरट चव. या वाट धरण्याला चॅनेलिंग म्हणतात आणि मॅनिफोल्ड बनवायचा सगळा खटाटोप ते टाळायला आहे.

मांडणी, म्हणजे खरं काम

कागद घ्या आणि कूलरच्या तळाचं आतलं माप घ्या. तळाचं, वरच्या तोंडाचं नाही, कारण भिंती आत तिरक्या उतरत असतात आणि दोन्ही मापांत चांगला फरक पडतो. समजा तळ 50 सेंटिमीटर लांब आणि 30 रुंद आहे. लांबीच्या दिशेने तीन पाइप टाकायचे. 30 भागिले 3 म्हणजे दोन पाइपांमधलं अंतर 10, आणि बाजूच्या पाइपापासून भिंतीपर्यंत त्याच्या निम्मं म्हणजे 5. नियम एवढाच. प्रत्येक पाइप आपल्या दोन्ही बाजूंचा 5-5 सेंटिमीटरचा पट्टा सांभाळतो, कुणाच्या वाट्याला जास्त नाही कुणाच्या कमी नाही.

भिंतीपासूनचं अंतर थोडं जास्त झालं तर चालेल पण कमी नको. लोकांना वाटतं पाइप कडेला चिकटवला म्हणजे कोपऱ्यातलंही सगळं वॉर्ट येईल, होतं उलटंच. गुळगुळीत भिंत आणि चोथा यांच्या सांध्यात पाण्याला अडथळा कमी असतो, त्यात खालून पाइप तिथेच ओढत असेल तर धुवायचं पाणी चोथ्याला न शिवता भिंतीवरून सरळ खाली.

याच कारणाने आडवे जोडपाइप, म्हणजे शिडीसारख्या या सांगाड्याची दोन टोकं जोडणारे तुकडे, त्यांना खाचा पाडायच्या नाहीत. ते समोरच्या आणि मागच्या भिंतीला खेटून असतात. उभ्या पाइपांनाही दोन्ही टोकांच्या भिंतींपासून 5 सेंटिमीटर सोडूनच खाचा सुरू करा.

आता मधली गोम. तीन पाइप आणि तोटी मधोमध असेल तर पुढच्या जोडावर चार तोंडांचा क्रॉस लागतो आणि तांब्यात तो सहज मिळेलच असं नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन टी (तीन तोंडांचे जोड). मधल्या पाइपावर एकामागे एक दोन टी बसवायच्या, पहिलीचं तोंड डावीकडे आणि दुसरीचं उजवीकडे. एका बाजूचा पाइप टीच्या लांबीएवढा जास्त लांब होतो, काही बिघडत नाही, खाचा तेवढ्या तिन्ही पाइपांवर समोरासमोर ठेवा. मागच्या बाजूला मध्ये एक टी आणि दोन कोपऱ्यांना एल्बो. एकूण हिशेब तीन टी, चार एल्बो. कापायच्या आधी सगळे फिटिंग जमिनीवर मांडून पाइप फिटिंगच्या आत किती शिरतो ते मोजा, ते धरलं नाही तर तयार सांगाडा कूलरमध्ये बसत नाही आणि मग परत कापाकापी आली.

गोल कूलर असेल तर रिंग करावी लागते. आतल्या त्रिज्येच्या साधारण 70 टक्क्यांवर रिंग ठेवली की रिंगच्या आतलं आणि बाहेरचं क्षेत्रफळ अर्धं अर्धं होतं, म्हणजे 30 सेंटिमीटर व्यासाच्या तळाला 21 व्यासाची रिंग. मऊ तांब्याचा पाइप घ्या, आधी वाकवा आणि मगच खाचा पाडा, उलटं केलंत तर पाइप बरोबर खाचेवरच मोडून दुमडतो. गोल टनमध्ये तयार फॉल्स बॉटम, म्हणजे तळाच्या थोडी वर बसणारी भोकांची थाळी, पण छान बसतो, त्यामुळे तिथे रिंगसाठी घाम गाळायचा का हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी तरी गाळणार नाही.

तांबं की सीपीव्हीसी

अर्धा इंची तांब्याचा पाइप, नाहीतर त्याच मापाचा सीपीव्हीसी. साधा पीव्हीसी घेऊ नका, तो 60 अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतो आणि आपलं काम त्याच्या वरच्या तापमानात चालतं. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठीच असतो, दाबाखाली 82 अंशांपर्यंत चालतो आणि आपल्याकडे दाब तर नसतोच. कापायला सोपा, हलका, स्वस्त. तांबं जास्त टिकतं, वजनामुळे तळाशी बसून राहतं आणि ढवळताना चमच्याचा धक्का लागला तरी जागचं हलत नाही. माझा कल तांब्याकडे आहे, पण सीपीव्हीसीची बियर वाईट लागते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तांबं वॉर्टमध्ये उतरेल का, हा प्रश्न हमखास येतो. मॅशचा पीएच 5.2 ते 5.6 म्हणजे किंचित आम्ल, त्यामुळे अगदी थोडं उतरतं, यीस्टला तेवढं तांबं लागतंच. धोका आहे तो पाइपावर चढलेल्या हिरव्या थराचा, तो विषारी असतो, दिसला की व्हिनेगरने घासून काढल्याशिवाय वापरायचं नाही.

खाचा पाडणे

हे काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगून ठेवतो. 50 लांबीच्या तळात दोन्हीकडे 5 सोडले की 40 सेंटिमीटर उरतात, दर 12 मिलिमीटरला एक खाच म्हणजे एका पाइपाला 33 आणि तिन्ही मिळून शंभरच्या आसपास. त्यासाठी हॅक्सॉला इंचाला 32 दात असलेलं बारीक ब्लेड लावा, जाड दातांचं ब्लेड पातळ पाइपात अडकतं आणि पाइप चेपतो. ब्लेडच्या जाडीएवढीच खाच हवी, म्हणजे एक मिलिमीटरच्या आतबाहेर. ग्राइंडरच्या चकतीने शंभर खाचा दहा मिनिटांत होतील हे खरं, पण त्या रुंद होतात आणि कडा जळक्या खरखरीत निघतात, त्यामुळे हातानेच करा.

पाइप व्हाइसमध्ये धरताना मध्ये कापड किंवा लाकडाच्या पट्ट्या घाला नाहीतर तो चपटा होतो आणि मग फिटिंगमध्ये शिरत नाही. पाइपावर लांबीच्या दिशेने एक सरळ रेष मारून घ्या, सगळ्या खाचा त्याच रेषेवर. ब्लेड गोल पाइपावर घसरतं, म्हणून आधी त्रिकोणी कानशीने एक बारीकशी चीर द्यायची आणि तिच्यात ब्लेड ठेवून दाब न देता ओढायचं, पहिले दोन-तीन ओढे नुसत्या ब्लेडच्या वजनाने. खोली पाइपाच्या एक तृतीयांश, म्हणजे अर्धा इंची पाइपाला 5 मिलिमीटर. अर्ध्यापर्यंत गेलात तर पाइप हातात घेतला की वाकतो.

खाच पडली की काठाला तांब्याची कुसळं उभी राहतात, बाहेर थोडी आणि आत भरपूर. बाहेरची पॉलिश पेपरने जातात. आतल्यांसाठी एका सळईला जाड कापडाची पट्टी गुंडाळून ती पाइपातून आरपार ओढा, कापड अडकेल, धागे निघतील, परत ओढा. कापड अजिबात न अडकता बाहेर आलं की झालं. हे टाळू नका, कुसळं राहिली तर त्यांच्यात पीठ अडकतं आणि खाचा एकेक करून आतून बुजत जातात, शिवाय धुताना बोटं कापतात ते वेगळंच. शेवटी पाइप उभा धरून आपटा, आतला तांब्याचा भुगा पडेल, मग गरम पाणी आणि साबण.

बसवताना खाचा खाली. वर ठेवल्या तर चोथा थेट त्यांच्यावर बसतो आणि पाइपाखालचं वॉर्ट तसंच राहतं. खाली ठेवल्या तर तळाला टेकून बंद नाही का होणार? नाही, कारण फिटिंगचा व्यास पाइपापेक्षा मोठा असतो, त्यामुळे सांगाडा फिटिंगवर उभा राहतो आणि पाइप तळापासून मिलिमीटरभर वर तरंगतो, शिवाय खाच बाजूंनीही थोडी वर आलेली असते.

सोल्डर करू नका. तांब्याचे सांधे नुसते दाबून बसवले तरी पुरे, एखाद्या सांध्यातून थोडं वॉर्ट आत शिरलं तर शिरू दे, ते शिरायलाच तर हवंय. सगळं सुटं राहिलं की धुता येतं. कुठे सांधा फारच ढिला असेल आणि सोल्डर करायचंच असेल तर शिसं नसलेलं, पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी वापरतात तेच घ्या आणि नंतर फ्लक्स घासून काढा. सीपीव्हीसीलाही तेच, चिकटवू नका.

तोटीचा भाग

कूलरची मूळ प्लॅस्टिकची तोटी काढा. त्या भोकातून अर्ध्या इंचाचा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा छोटा तुकडा) आरपार जाईल, आतून आणि बाहेरून रुंद वॉशर, आतल्या बाजूला उष्णता सहन करणारी सिलिकॉनची रिंग, बाहेर बॉल व्हॉल्व्ह आणि त्याला नळी लावायचं नोझल. निपलची लांबी भिंतीच्या जाडीवर ठरते, म्हणून भिंत मोजूनच घ्यायला जा. कूलरच्या दोन भिंतींमध्ये फोम असतो, नट जोर लावून आवळला तर आतली पातळ भिंत चेपते आणि सील बसायच्या ऐवजी बिघडतं. हाताने घट्ट आणि वर पान्याचा पाव फेरा, बास. सील आतल्या बाजूलाच नीट बसलं पाहिजे, कारण आतून गळलं तर वॉर्ट बाहेर दिसतच नाही, दोन भिंतींच्या मधल्या फोममध्ये मुरतं आणि काही आठवड्यांनी कूलरला आंबूस वास सुटतो, तो मग काही केल्या जात नाही.

आटे बघून घ्या. अर्ध्या इंचात बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन्ही प्रकारांना इंचाला 14 आटे असतात, त्यामुळे एक दुसऱ्यात फिरतो आणि बसला असं वाटतं, पण आट्यांचा कोन वेगळा असल्याने गळत राहतं, कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा. सगळे भाग एकाच प्रकारचे घ्या. पितळेचे असतील तर पृष्ठभागावर थोडं शिसं असू शकतं, ते काढायला पांढरं व्हिनेगर दोन भाग आणि 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग अशा मिश्रणात पाच-दहा मिनिटं बुडवा, पितळ फिकट सोनेरी झालं की काढून धुवा. मिश्रण हिरवं झालं तर फेकून नवीन करा.

आता मॅनिफोल्ड तळाला आणि तोटीचं भोक मात्र तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर, हे बहुतेक कूलरमध्ये असतंच. मग वॉर्ट वर कसं चढणार? सायफनने. मॅनिफोल्डपासून तोटीपर्यंतचा तुकडा हवाबंद असला की पातळी भोकाच्या खाली गेली तरी बाहेरची नळी खाली लोंबत असल्यामुळे ओढ चालू राहते. म्हणून सगळ्या सांध्यांत हाच एक सांधा पक्का हवा, छोटी सिलिकॉनची नळी आणि दोन्ही टोकांना स्टीलची क्लिप.

आधी नुसत्या पाण्यावर

माल्ट घालायच्या आधी सात-आठ लिटर गरम पाणी ओता आणि तोटी पूर्ण उघडा. पाणी खाली जात जात शेवटी खाचांमधून हवा शिरते, गुडगुड आवाज येतो आणि धार तुटते. कूलर न हलवता तोटी बंद करा, मग तो कलंडून उरलेलं पाणी मापात ओता. तो आकडा लिहून ठेवा, तेवढं वॉर्ट दर वेळी आत राहणार आहे आणि पाण्याचा हिशेब करताना ते धरावं लागतं. लिटरच्या आत असेल तर छान. दोन-तीन लिटर राहत असेल तर सायफनचा सांधा हवा घेतोय, क्लिप बघा.

कूलरचा आकारही इथेच तपासून घ्या. किलोला 3 लिटर पाणी धरलं आणि एक किलो माल्ट साधारण पाऊण लिटरहून थोडी कमी, 0.67 लिटर जागा घेतो असं धरलं तर 5 किलोचा मॅश 18 लिटरच्या थोडा वर जातो. आपल्या 50 बाय 30 च्या तळावर त्याची उंची 12 सेंटिमीटर होते. त्याच टनमध्ये 3 किलो घातलेत तर जेमतेम 7. थर 10 सेंटिमीटरच्या खाली गेला की गाळणं नीट होत नाही, वॉर्ट गढूळच येत राहतं. त्यामुळे मोठा कूलर म्हणजे चांगला कूलर असं नाही, तुमच्या नेहमीच्या बॅचला बसेल तो चांगला.

वापरताना

कूलर आधी गरम पाण्याने तापवून घ्या. पाणी किती अंशांचं ओतायचं याचं सोपं गणित असं: 0.41 ला किलोमागच्या लिटरने भागा, आलेल्या आकड्याला हवं असलेलं तापमान वजा माल्टचं तापमान याने गुणा, आणि ते हव्या असलेल्या तापमानात मिळवा. माल्ट 25 अंशांवर, मॅश 67 ला हवा, किलोला 3 लिटर, तर पाणी 73 च्या आसपास. आधी पाणी, मग माल्ट थोडा थोडा घालत ढवळायचं, पण चमचा तळाला खरवडून मॅनिफोल्डला धक्के देऊ नका.

तासाभराने तोटी अगदी थोडी उघडा. पहिले दोन-चार लिटर गढूळ येतात, पीठ आणि टरफलांचे तुकडे दिसतात, ते एका भांड्यात घेऊन वरून हलक्या हाताने परत सोडा, थर उकरला जाणार नाही असं. धार स्वच्छ झाली की पातेल्यात घ्यायला सुरुवात. फ्लायमध्ये मिनिटाला अर्धा लिटर एवढाच वेग ठेवा, चोथ्यावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी कायम उभं असू द्या, धुवायचं पाणी 75 ते 77 अंशांचं, त्याच्या वर नको.

धार बंद पडली, म्हणजे मॅश अडकला, तर पहिला संशय भरडण्यावर घ्या, मॅनिफोल्डवर नाही. दाणा फुटायला हवा पण टरफल शक्यतो अख्खं राहायला हवं, रोलरमधलं अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असलं की हे बऱ्यापैकी जमतं. मिक्सरमधून काढलेल्या पिठाला कुठलाच मॅनिफोल्ड पुरा पडणार नाही. गहू आणि चपट्या केलेल्या ओट्सला टरफल नसतं, ते जास्त असतील तर एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भाताची टरफलं धुऊन मिसळा, चव बदलत नाही. दुसरं कारण म्हणजे घाई, तोटी एकदम उघडली की ओढीने थर दाबला जाऊन घट्ट बसतो. अशा वेळी तोटी आणखी उघडून काहीच होत नाही. बंद करा, नळीतून थोडं गरम पाणी उलटं आत सोडा म्हणजे खाचा मोकळ्या होतील आणि थर सैल होईल, नाहीच झालं तर सगळं ढवळा, दहा मिनिटं बसू द्या आणि गढूळ वॉर्ट परत फिरवण्यापासून पुन्हा सुरू करा.

काम झालं की चोथा थंड होऊन वाळायच्या आत काढा. सांगाडा सुटा करून प्रत्येक पाइप नळाखाली धरा, खाचांमध्ये अडकलेली टरफलं जुन्या टूथब्रशने काढा, आणि तांबं कोरडं करूनच ठेवा. ब्लीच तांब्याला लावू नका, काळं पडतं. सिलिकॉनची नळीही काढून वेगळी वाळवा, तिच्यात ओल राहिली की पुढच्या वेळी आधी बुरशी साफ करत बसावं लागतं.